कापलेली चार मिनिटं

२२ जून, रविवार

हाय आई,

पत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला माहितीये. कशी करतात ते माहिती नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला निळी खूण येते आणि पुढे काहीच नाही, म्हणून पोलादपूरच्या पोस्टातून पाच पाकिटं आणलीत. मराठीत एवढं लांब आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय. सांभाळून घे.

मी पोचले. वाडीकडे येणारी एसटी दिवसातून दोनदा, तीही खालच्या वळणापर्यंतच. तिथून पंचवीस मिनिटं चढ. चाळीस घरं आहेत, त्यातल्या निम्म्यांना कुलूप, माणसं पनवेल नाहीतर मुंबईला. शाळेत दोन खोल्या, तेवीस मुलं आणि एकटे अरविंद सर. दुसऱ्या सरांची बदली झाली ती जागा रिकामीच आहे. हजेरी, खिचडी, ऑनलाइन माहिती, सगळं सर एकटे बघतात. त्यामुळे संस्थेने शिकवायला फेलो म्हणून मला पाठवल्याचा त्यांना इतका आनंद झाला की पहिल्याच दिवशी तिसरी-चौथी माझ्या गळ्यात घातली. पुण्याची नोकरी सोडली याचं मला अजून तरी वाईट वाटलेलं नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

राहते चंपाबाईंकडे, पडवीला लागून असलेल्या खोलीत. त्यांचा मुलगा जानू आणि सून पनवेलला बिल्डिंगच्या कामावर असतात. नात मंजुळा इथे आजीजवळ, शाळेसाठी ठेवलेली. चौथीत आहे. चंपाबाईंनी पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "एवढी शिकल्याली, नि आमच्या वाडीत धाडली. काय चूक केलीस गो?"

मी हसले.

पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलांची वाचनचाचणी घेतली. चौथीतली सहा मुलं शब्दांवरच अडकतात, दोन तर अक्षरांवर. पण मंजुळा वेगळीच आहे. तिने विहिरीचा धडा न अडखळता वाचला. आवाज चढवून, उतरवून, पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य तोंडात. तिला मी सगळ्यात वरची लेव्हल दिली. खरं तर चाचणीचे कागद वेगळे असतात, पण चढ चढताना माझी बॅग भिजली आणि कागदांचा लगदा झाला. मग पुस्तकावरच भागवलं.

मे महिन्यातलं मी काढत नाही. तूही काढू नकोस. तो व्हिडिओ मी तेव्हाच डिलीट केलाय. निरोप समारंभाचे फोटो पाहिले. निळी साडी छान दिसत होती. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईंच्या मानाने हॉलमध्ये माणसं कमी वाटली, पण फोटो कोपऱ्यातून काढला असेल.

वर्षभरात या शाळेतलं एकही मूल वाचल्याशिवाय राहणार नाही, बघ तू.

तुझी
अनू

१० जुलै

प्रिय आई,

पाकीट आलं तेव्हा मी वर्गात होते. अरविंद सर दारातूनच म्हणाले, "काय अक्षर आहे हो, छापल्यासारखं. कोणाचं?" मी म्हटलं, माझ्या आईचं. म्हणताना मला किती बरं वाटलं ते तुला कसं सांगू. मधल्या सुट्टीत पळत टाकीमागे गेले उघडायला.

आत माझंच पत्र होतं. लाल पेनाने तपासलेलं.

एक्केचाळीस चुका. "हाय आई" वर काट मारून तू लिहिलंयस, "ती. आईस, सविनय जयभीम." आणि समासात, "पत्राला मायना असतो." बाकी तुझी स्वतःची एकही ओळ नाही. मी कागद उलटून पाहिला. पाकीट झटकून पाहिलं.

आधी रडले. मग हसायला आलं, कारण शेवटच्या ओळीतसुद्धा एक चूक तू पकडली आहेस. म्हणजे शेवटपर्यंत वाचलंस.

एक कळलं नाही. "न अडखळता वाचला" याच्याभोवती तू लाल गोल काढलायस. त्यात मला चूक सापडेना. सरांना दाखवलं, ते म्हणाले, शुद्ध आहे. बहुतेक तुझा पेन घसरला.

आता बातमी. पंचवीस तारखेला केंद्राची वाचन स्पर्धा आहे, पोलादपूरजवळच्या मोठ्या शाळेत. या वाडीतून आजवर कोणी गेलं नव्हतं. मी मंजुळाचं नाव दिलंय. लावणी चालू आहे, घरात एकेक हात हवा असतो, तरी चंपाबाई तयार झाल्या. जानूशी फोनवर बोलले. त्यांचं म्हणणं सरळ आहे. घरी आठ महिन्यांची बारकी आहे, मंजुळाची आई कामावर गेली की तिला बघायला कोणी नाही. यंदा गणपतीला आले की मंजुळाला घेऊनच जायचं असं त्यांनी ठरवलेलं. मी स्पर्धेचं सांगितल्यावर जानू म्हणाले, "नंबर आणला तर ऱ्हाव दे तिला तिथं, दहावीपर्यंत. नायतर उगा कशाला ठेवायची? हितं बारकीला तरी बघंल."

म्हणजे सगळं पंचवीसवर आलंय. मला टेन्शन नाही. तिची तयारी जोरात आहे.

तुला एक सांगते, कोणाला बोलू नकोस. उद्याचा धडा मी रोज संध्याकाळी पडवीत बसून मोठ्याने वाचते. एकदा नाही, दहा-दहा वेळा. बोलताना मला काही वाटत नाही, पण छापलेलं मराठी समोर आलं की जोडाक्षरापाशी पाय अडखळल्यासारखं होतं. इंग्लिश मीडियमची कृपा. मुलांसमोर अडखळले तर कोण मला ताई म्हणेल? मंजुळा बाजूला भांडी घासत असते. माझं ऐकणारी ती एकटीच. आता तर ती वाचतानाही माझ्यासारखाच मध्ये थांबून श्वास घेते. गंमत वाटते.

पाच वाजले की मुलं पांगतात. मग या वाडीत माझ्याशी बोलण्यासारखं कोणाकडे काही नसतं, माझ्याकडेही नसतं. रविवारी पोलादपूरला उतरते. स्टँडवर वडापाव खाते. आपल्या महाडची गाडी लागते, तिची पाटी वाचते, आणि ती सुटते. अर्ध्या तासाचा रस्ता आहे.

तू एखादी ओळ लिहिलीस तरी चालेल. लाल पेनाने लिही.

अनू

२७ जुलै, रविवार

ती. आईस,
सविनय जयभीम.

पेन घसरला नव्हता ना?

स्पर्धेत दोन भाग होते. पहिला, आपल्या आवडीचा धडा. दुसरा, परीक्षक देतील तो, न पाहिलेला. नियमांच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं आणि मी तो वाचला होता. तरी मंजुळाकडून दुसऱ्या भागाची तयारी मी एकदाही करून घेतली नाही. न पाहिलेलं मराठी वाचायला मला स्वतःलाच नको वाटतं. तिच्यासमोर बसून मलाही वाचावं लागलं असतं. म्हणून मी ठरवून टाकलं की तिला ते जमतंच.

पहिल्या भागाला टाळ्या पडल्या. विहिरीचा धडा तिने असा वाचला की मागच्या रांगेतल्या शिक्षिकाही गप्प झाल्या. मग परीक्षक मॅडमनी एक कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता हे वाच बाळ."

तिने कागद बघितला. उलटा करून पुन्हा सरळ केला. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विहिरीचा धडा सुरू केला. पहिल्यापासून, त्याच आवाजात. बोट नव्या कागदावर बरोबर ओळीओळीने सरकत होतं.

मुलं हसली. मॅडम हळूच म्हणाल्या, हे विहिरीचं नाहीये. ती थांबली. नंतर काहीच नाही. ती नुसती उभी. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

परत येताना जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. वळण जवळ आलं तेव्हा एवढंच बोलली, "तू वाचतीस तसंच वाचलं ना मी, ताई?"

आई, तिने माझ्याकडून ऐकून पाठ केलं होतं. माझ्या दहा-दहा वेळांतून. माझ्या श्वासासकट. पान कधी उलटायचं तेही माझ्याकडे बघून. आधीच्या वर्षांतही तिचं असंच चाललं असणार, आसपास कोणीतरी मोठ्याने वाचतच असतं. सर म्हणाले, "मला वाटायचं, एका मुलीची तरी काळजी नाही." तेवीस मुलं आणि एकटे सर, त्यांना काय बोलणार? पण मी तर ओळखायलाच आले होते. कोणाला वाचता येत नाही ते शोधायचं, हेच माझं काम. त्याचं ट्रेनिंग घेतलंय मी, सर्टिफिकेट आहे.

आणि तू महाडला घरी बसून माझ्या एका वाक्यावरून ओळखलंस. चौथीतलं मूल न अडखळता वाचतं, एकही शब्द विचारत नाही, पानाच्या पुढे धावतं. तू गोल काढलास आणि मी त्यात स्पेलिंगची चूक शोधत बसले.

दोन दिवस झाले, मंजुळा माझ्याशी बोलत नाही. काल शनिवारी शाळेत आली नाही, चंपाबाईंबरोबर शेतावर गेली. संध्याकाळी मी पडवीत पुस्तक उघडलं तर भांडी उचलून मागच्या दारी गेली. चंपाबाई मात्र बोलल्या. भांडल्या नाहीत, भाताच्या पेंढ्या मोजताना बोलतात तशा बोलल्या.

"आमची पोर हुशार व्हती गो. तू येईस्तवर."

जानूला कळलंय. गणपतीला नेणार म्हणाले. एक महिना आहे.

तुला सगळं लिहिलं. काय करू ते सांग.

अनू

१७ ऑगस्ट, रविवार

आई,

मागचं पत्र परत आलं. एकही लाल खूण नाही. मला माहितीये त्यात चुका होत्या, ते मी घाईत लिहिलं होतं. खाली फक्त दोन ओळी. तीन महिन्यांनी तू माझ्याशी बोललेल्या पहिल्या दोन ओळी.

"ती उभी होती तेव्हा तू कुठे होतीस?
समोर बसू नकोस. मागे बस."

दुसरी ओळ मला आठवडाभर कळली नाही. पहिली लगेच कळली, म्हणून उत्तराला इतके दिवस लागले.

मी भिंतीजवळ होते. मोबाईल धरून. रेकॉर्डिंग चालू होतं. तिला कागद दिला तेव्हाही, मुलं हसली तेव्हाही. किती वेळ ते सांगता येणार नाही असं मी लिहिलं, ते खोटं. एक मिनिट बावन्न सेकंद. मोबाईलवर आहे. मी पुढे जाऊन तिचा हात धरू शकले असते. माझ्या मनात काय होतं माहितीये? आत्ता वाचेल, आणि हा तुकडा मस्त होईल.

हे लिहिलं तर आता दुसरंही लिहिते.

मे महिन्यात, सुट्टीतल्या तुझ्या जादा वर्गाला, मी तुझ्या शाळेत आले, फेलोशिपसाठी नमुन्याचा व्हिडिओ हवा म्हणून. तू मला निशाकडे नेलंस. चौथीतली, दोन वेण्या घातलेली निशा. फळ्यावर एक वाक्य होतं, मी म्हटलं वाच. ती उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग तिने बोट हवेत धरलं आणि एकेक अक्षर गिरवत, मागे जात, परत येत, ते वाक्य वाचलं. सगळं. चार मिनिटं लागली. संपल्यावर ती माझ्याकडे नाही, तुझ्याकडे बघून हसली. तू दारात होतीस आणि पदराने डोळे पुसत होतीस. मला वाटलं, खडूची धूळ.

तिने वाचलं होतं, आई. मी कापलं. चार मिनिटं कोण बघणार? सुरुवातीचे अकरा सेकंद ठेवले, जिथे ती नुसती उभी आहे, आणि वर लिहिलं, "बत्तीस वर्षं शिकवून हे." दोन दिवसांत अख्ख्या महाडात फिरलं. तुझ्या निरोप समारंभाला कोण आलं आणि कोण आलं नाही, ते मी कोपऱ्यातल्या फोटोवर ढकललं. मी स्वतः आले नव्हते, तेही मी लिहिलं नाही.

सावकाश वाचणारीला मी वाचता येत नाही म्हटलं आणि न वाचणारीला पहिला नंबर देऊन बसले. दोन्ही वेळा घाई माझीच.

आता दुसऱ्या ओळीचं.

परवा पंधरा ऑगस्टला मंजुळा झेंड्याला आली होती, सगळ्यात मागे उभी. लाडू घेतला आणि गेली. दुपारी ती ओट्यावर काकडीच्या बिया वाळत घालत होती. मी जाऊन तिच्या मागे बसले. समोर बसून तिला काही विचारायचं तोंडच नव्हतं मला. मग माझं बोट आपोआप उठलं आणि मी तिच्या पाठीवर मोठा "ग" काढला.

आई, ते बोटाला माहिती होतं. मला नव्हतं.

तू शाळेतून यायचीस, चहा घ्यायचीस, आणि मी चटईवर पालथी पडायचे. तू माझ्या पाठीवर बोटाने काढायचीस आणि मी ओळखायचे. मला तो गुदगुल्यांचा खेळ वाटायचा. माझं नाव. बाबांचं नाव. साळूबाई, तुझ्या आईचं नाव, जे तिला स्वतःला कधी काढता आलं नाही. इंग्लिश शाळेत मराठी तिसरीपासून सुरू झालं तेव्हा मला सगळी अक्षरं येत होती. कशी, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. आणि मे महिन्यात मी तुला तोंडावर म्हटलं, "जगाची पोरं शिकवलीस, मला एक अक्षर शिकवलं नाहीस." तू तेव्हा उत्तर देऊ शकली असतीस. तू आत जाऊन भात लावलास.

मंजुळा आधी आक्रसली. मग म्हणाली, "परत काढ." तीन वेळा काढला. तिने समोरच्या ओल्या मातीत बोटाने तो उमटवला. बरोबर होता. मी म्हटलं, कागदावर का नाही येत मग? तिने जरा विचार केला.

"कागदावर सगळी एकदम येतात गो ताई. पाठीवर एकेकटं येतंय."

मग माझ्याकडे वळून बघत म्हणाली, "तुला पण नाय येत ना? रोज किती येळा वाचतीस." मी म्हटलं, येतं, पण भीती वाटते. तिने मान हलवली. स्पर्धेनंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

रोज संध्याकाळी बसतो आता. सरांनी तालुक्याच्या विशेष शिक्षकांना कळवलंय, पुढच्या महिन्यात येऊन ते तिला नीट तपासतील. गणपती दहा दिवसांवर आलेत. चार अक्षरं झाली.

अनू

७ सप्टेंबर, रविवार

आई,

या वेळी उत्तराची वाट न बघता लिहितेय. मागचं पत्र तुला मिळालं की नाही तेही माहिती नाही. तीन आठवडे झाले. ते वाचून तू लिहायचंच थांबवलं असशील, तर ते बरोबर आहे.

गणपतीत वाडी ओळखू येत नव्हती. सगळी कुलुपं उघडली, घराघरात माणसं, मोबाईल, भांडणं, मोदक. जानू आणि मंजुळाची आई आले, बारकीला घेऊन. पहिल्या दिवशी मंजुळाची पिशवी भरली गेली, दोन फ्रॉक आणि नवा टॉवेल. आणि ती त्या पिशवीजवळूनच फिरत राहिली.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी सगळे पडवीत बसले होते. मी जानूंना म्हटलं, एकदा तिचं वाचन ऐका. ते हसले. "ऐकलंय की पोलादपूरच्या सगळ्यांनी." मग बारकीच्या पिशवीतून लसीचं कार्ड काढून मंजुळापुढे टाकलं. "हे वाच. आमाला तरी कुठं येतंय. पुढची सुई कुठली?"

कार्डावर डॉक्टरांनी पेनाने एक शब्द लिहिला होता. मी तिच्या मागे होते. हात तिच्या पाठीपर्यंत गेला होता, तो मी मागे घेतला आणि त्यावर बसले. मोबाईल खोलीत होता, बंद.

मंजुळाने कार्ड मांडीवर ठेवलं. एका हाताने बाकीचा शब्द झाकला, एकच अक्षर उघडं ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट आपल्या गुडघ्यावर फिरवायला लागली. पुसल्यासारखं केलं, परत काढलं. बारकी रडली, तिला कोणीतरी बाहेर नेलं. शेजारचा एक जण म्हणाला, "राती संपंल का हे?" माझं तोंड उघडलं होतं, आई. ओठांवर शब्द होता. आजवर इतकं अवघड काही मी केलं नसेल, नुसतं गप्प बसायचं.

"गो," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "व." मग एकदम, आजीकडे बघत, "गोवर. आजी, गोवर लिवलंय."

जानू म्हणाले, "एवढ्याला एवढा येळ?"

चंपाबाई पान लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुला बोलायला तीन वर्सं लागली. इकला का मी तुला कुनाला?"

पडवीभर हसू झालं. जानूही हसले, आणि कार्ड परत घेताना त्यांनी ते स्वतः उलटसुलट करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी निघताना भरलेली पिशवी तिथेच राहिली. "दिवाळीपतुर ऱ्हाव दे," म्हणाले. "मंग बघू." एवढंच मिळालंय. माझ्या मते पुष्कळ आहे.

गाडी गेली, पुन्हा कुलुपं लागली. वाडी आधीपेक्षा मोठी वाटते.

काल मी महाडला आले होते. निशाच्या घरी गेले. तिच्या आईने मला बस म्हटलं नाही, मीही बसले नाही. माफी मागितली. निशा दाराआड होती. तिने विचारलं, "माझं पूर्ण हाय का तुमच्याकडे?" होतं. मूळ रेकॉर्डिंग मी कधी काढून टाकलं नव्हतं, का ते मला सांगता येत नाही. उंबऱ्यात उभं राहून तिघींनी ती चार मिनिटं बघितली. शेवटी निशा हसते तिथे तिच्या आईने मोबाईल हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. मी दोन्ही वेळा थांबले. नंतर त्यांनी पाणी दिलं.

तिथून चवदार तळ्यापर्यंत आले. आपली खिडकी उघडी होती, दोरीवर निळी साडी वाळत होती. कठड्याला टेकून उभी राहिले, मग परतीची गाडी पकडली. वर यावंसं वाटलं नाही असं नाही.

आता पाकिटाचं सांगते. हे पाचवं, शेवटचं. वरचा पत्ता मंजुळाने लिहिलाय. मी मागे बसून बोलत गेले, ती लिहीत गेली. बघून नाही, ऐकून. तुझ्या "वैशाली"च्या दोन मात्रा तिने पाठीवर दोनदा मागून घेतल्या. "महाड" एका दमात आलं. दुपारी बसलो ते दिवे लागेपर्यंत, आणि मी एकदाही हातातून पेन घेतला नाही.

ते पाकीट तुझ्या हातात असेल, तर तिने लिहिलेलं पोस्टमनला वाचता आलंय. ती रोज विचारेल, पोचलं का. म्हणून मागणं आहे. पत्र हवं तेवढं तपास, पाकिटाला मात्र लाल पेन लावू नकोस. आणि परत पाठवताना वर माझं नाव घालू नकोस, तिचं घाल. मोठ्या अक्षरात, सुटं सुटं लिही. वेळ लागेल. पण ती वाचेल.

मी मागे बसलेली असेन.

अनू